भंगार, सरप्लस आणि बुडणारी घडणावळ : पार्श्वभूमी

जुनी पाटली मोडीत घातली की सोनार सोन्याचे पैसे देतो, घडणावळ बुडते. कारखान्यातले जुने यंत्र विकतानाही हाच हिशेब असतो. वजनावर गेले तर भंगार, नगावर गेले तर सरप्लस. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) जुन्या मशिनरीची जी यार्डे आहेत, त्यांचा सगळा धंदा ही घडणावळ वाचवण्यावर चालतो.

तसे पाहिले तर प्रश्न गायकवाडीपासूनचा. डभोई-मियागाम मार्गावर 1862 मध्ये टाकलेले रूळ इतके हलके होते की इंजिने आणूनही गाड्या बैलांनीच ओढल्या. 1873 मध्ये ते बदलून जड रूळ घालावे लागले, म्हणजे काढलेल्या मालाचे काय करायचे हा प्रश्न तेव्हाही होताच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला माल बाजारात आला आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द कायमचा बोलीत शिरला. 1964 मध्ये केंद्राने भंगाराच्या व्यापारासाठी एमएसटीसी ही वेगळी कंपनी काढली. आधी निर्यातीवर नियंत्रण, मग आयातीची मक्तेदारी असे तिचे काम होते. 1992 मध्ये मक्तेदारी गेली, आणि पुढे हीच कंपनी ऑनलाइन लिलावासाठी ओळखली जाऊ लागली.

बडोद्याची गोष्ट वेगळी होते ती साठच्या दशकापासून. 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, पाठोपाठ खत आणि पेट्रोकेमिकल आले, औषधांचे कारखाने आधीपासून होतेच. त्यामुळे इथला जुना माल कापडगिरण्यांसारखा बिडाचा नाही. इथे एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टाक्या, हीट एक्स्चेंजर, सेंट्रिफ्यूज आणि आतून काचेचा थर दिलेले ग्लासलाइन रिअ‍ॅक्टर निघतात. पारखणारा माणूस आधी चुंबक लावतो. चिकटले तर एमएस, म्हणजे साधे पोलाद. नाही चिकटले तर बहुधा एसएस. पण स्टेनलेसची जात 304 की 316, हे चुंबकाला सांगता येत नाही. 316 मध्ये 2-3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि भाव त्याचाच असतो. पूर्वी हे घासून, ॲसिडचा थेंब टाकून ठरवत. आता हातात धरायची एक्स-रे गन असते.

माल बाजारात कधी येतो, हे मात्र यार्डवाले ठरवत नाहीत, कायदा ठरवतो. 1985 च्या आजारी उद्योगांच्या कायद्याखाली प्रकरण गेले की वसुली थांबायची, आणि पुनर्वसनाच्या नावाखाली यंत्रे वर्षानुवर्षे पावसात उभी राहायची. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनंतर लिक्विडेटर (बुडीत कंपनीची मालमत्ता विकणारे) आले, लॉट पाडून किंवा अख्खा प्लँट एकगठ्ठा विकणे सुरू झाले. ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर बयाणा भरायचा, ठरल्या दिवसांत माल उचलायचा.

आता शब्दाचा घोळ. 1961 च्या आयकर कायद्याच्या 206सी कलमात भंगार म्हणजे तुटल्या-झिजल्यामुळे आहे तसे वापरता येणारच नाही असे. म्हणजे चालू स्थितीतली टाकी भंगार नव्हे, मालकाने खातेवहीत ती कंडम केली असली तरी. जीएसटीतही यंत्र 84 व्या प्रकरणात, लोखंडी भंगार 72 व्या. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी असलेल्या दोघांमधल्या अडीच लाखांवरच्या धातू-भंगाराच्या सौद्यात जीएसटीचा 2 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) आला. यंत्र म्हणून बिल फाडले तर तो लागत नाही. तेव्हा एकाच वस्तूला कोणी काय म्हणायचे यात दोन्ही बाजूंचा स्वार्थ असतो.

यातूनच सगळ्यात मोठा वाद निघतो: माल कापून द्यायचा की अख्खा? आयातीत मोडतोड करून घ्यायची सोय 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातच (कलम 24) आहे. देशातले बरेच कारखानेही निविदेत अट घालतात की रिअ‍ॅक्टर गॅस कटरने कापल्याशिवाय गेटबाहेर जाणार नाही. कारणे खोटी नाहीत. आपली टाकी उद्या स्पर्धकाकडे दिसू नये, आपल्या नेमप्लेटखाली दुसरीकडे स्फोट होऊ नये, आत विषारी अंश राहिला तर आपल्यावर येऊ नये. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झाले ते सर्वांना आठवते: 1985 पासून न वापरलेले किरणोत्सारी यंत्र एका विद्यापीठाने लिलावात विकले, भंगारवाल्यांनी ते फोडले आणि एक कामगार दगावला. कापण्याच्या बाजूचे लोक हे उदाहरण हमखास देतात. पण तिथे घात झाला तो यंत्र फोडल्यामुळेच! सॉल्व्हंटचा वास राहिलेल्या टाकीला गॅस कटर लावणे हेच मुळात जिवावरचे काम आहे. आधी धुऊन, वाफ देऊन, आतली हवा तपासून घ्यायला हवी, आणि एवढे केले तर ती टाकी अख्खी द्यायला हरकत ती काय?

ग्लासलाइनच्या बाबतीत तर कापणे म्हणजे निव्वळ नासाडी. बाहेरून जाड एमएस, आतून एक-दोन मिलिमीटर काच. कापल्यावर काचेच्या कपच्या चिकटलेला पत्रा भट्टीवाले नाक मुरडून घेतात, भाव पाडून. तेच भांडे अख्खे राहिले तर जुनी काच उडवून, नवा थर देऊन 800 अंशांच्या वर भट्टीत घालता येते. शेजारी करमसदला अशी नवी भांडी साठच्या दशकापासून बनतात, त्यामुळे काम जाणणारे हात या पट्ट्यात आहेत.

अशा भांड्याची तपासणी बघण्यासारखी असते. आत उतरून उच्च दाबाची वीज सोडलेला तांब्याचा ब्रश भिंतीवरून फिरवतात. काच सलग असेल तर काही नाही, सुईएवढे भोक असले तर निळी ठिणगी उडते. अशा भोकावर टँटलमची टिकली बसवतात, रुपयाच्या नाण्याएवढी, पण धातू महागडा. कापलेला माल काट्यावर चढला की ती टिकलीही लोखंडाच्या भावात जाते. म्हणून मुरलेली पार्टी बोली लावण्याआधी मॅनहोलमधून टॉर्च मारते आणि टिकल्या मोजून घेते.