दातांत उरलेलं माहेर

सर्बिया आणि रोमानियाच्या सीमेवर डॅन्यूब नदी जेर्दापच्या खिंडीत शिरते. तिथं धरण होण्यापूर्वी पाणी कड्यांना धडकून गरगरायचं. तिकडच्या भाषेत भोवऱ्याला 'वीर' म्हणतात. अशाच एका भोवऱ्याकाठी सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी एक छोटं गाव नांदत होतं. लेपेन्स्की वीर हे त्या जागेचं आजचं नाव; गावकरी आपल्या गावाला काय म्हणायचे, ते त्यांच्याबरोबरच गेलं.

१९६५ साली पुरातत्त्वज्ञ द्रागोस्लाव स्रेयोविच यांनी इथं खोदकाम सुरू केलं. घरांच्या जमिनी जवळजवळ शाबूत सापडल्या. नदीकडची बाजू रुंद, मागची अरुंद, आणि चुनखडी भाजून केलेला तांबूस, टणक गिलावा. मधोमध दगडांनी बांधलेली लांबट चूल आणि चुलीपाशी नदीतल्या गोट्यावर कोरलेला चेहरा: बटबटीत डोळे, कोपरे खाली ओढलेलं माशासारखं तोंड. काही घरांच्या जमिनीखाली तान्ह्या बाळांना पुरलेलं होतं. धरणाचं पाणी चढणार म्हणून जमिनी कापून हे सारं उंचावर हलवलं गेलं. मूळ जागा आज पाण्याखाली आहे.

पण इथं कोण राहत होतं? गाव मूळच्या मासेमारांचं की अनातोलियाकडून (आजच्या तुर्कस्तानाच्या भागातून) आलेल्या शेतकऱ्यांचं, यावर बरीच वर्षं वाद झाला. हाडांचं वय काढतानाही घोळ व्हायचा. नदीच्या पाण्यात जुना कार्बन विरघळलेला असतो. तो माशांत आणि मासे खाणाऱ्या माणसांत उतरतो, आणि मग कार्बन कालमापनात माणूस काही शतकांनी जुना दिसतो. ही दुरुस्ती केल्यावरच घरांचा काळ इ.स.पू. ६२०० ते ५९५० च्या आसपास स्थिरावला.

खरी जनगणना केली ती दातांनी. एनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, लहानपणी घडतं आणि पुढं बदलत नाही. ज्या मातीतलं अन्नपाणी पोटात गेलं, तिथल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची खूण त्यात कायमची राहते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की इ.स.पू. ६२०० नंतर गावात बाहेर जन्मलेली माणसं एकदम वाढली. त्यांत स्त्रियाही होत्या. बोलायला कुणी उरलं नाही, पण माहेरची माती दातांत राहिली. मला तरी हा सगळ्यांत हलवून टाकणारा पुरावा वाटतो.

मासेमारांची आणि शेतकऱ्यांची ही ओळख अचानक झाली नव्हती. जवळच्याच व्लासात्स इथल्या मासेमारांच्या दातांवरच्या किटणात, इ.स.पू. ६६०० च्या सुमाराचे, लागवडीच्या धान्याचे स्टार्चकण सापडलेत. माणसं येऊन राहण्याच्या कितीतरी आधी धान्य पोचलं होतं.

२०१८ मध्ये लेपेन्स्की वीरच्या चौघांचा डीएनए जाहीर झाला. एक पूर्णपणे शिकारी-मासेमारांच्या वंशातला. दोघांचा वंश अनातोलियाकडच्या शेतकऱ्यांचा. त्यांतला निदान एक जण खिंडीबाहेरून आलेला आणि मुख्यतः जमिनीवरचं अन्न खाणारा. चौथ्याच्या अंगी दोन्ही रक्तं होती. आणि त्याच्या हाडांतल्या रासायनिक खुणा सांगतात, की त्याच्या जेवणात नदीतलं अन्न होतं.