फायबरच्या होडीला टवका न उडवता भोक पाडणे

फायबरच्या होडीच्या अंगाला ड्रिलनं भोक पाडायचं पण वरचा चकचकीत थर फुटू द्यायचा नाही, याची ही कामाची पद्धत. सोलापूरला समुद्र नाही, मग इथं हे कशाला असं कुणी म्हणेल, पण आपल्याकडं उजनी आहे. भीमेवरचं हे धरण माढा तालुक्यात, १९८० साली पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर, साठवण जवळजवळ ११७ टीएमसी, आणि त्याच्या बॅकवॉटरला करमाळ्याच्या बाजूला चिलापी, कटला धरणारे लोक आहेत, रोहित पक्षी बघायला येणारे पाहुणे आहेत, म्हणजे होड्या आल्याच. होडी आली की भोकं आली. दोर बांधायचं कडं, सावलीच्या छताचे पाईप, आत साठलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचं तोंड, मासे दाखवणाऱ्या मशीनचा सेन्सर, सगळ्याला भोक लागतं.

आधी होडीचं अंग कसं बनतं ते समजून घ्या, कारण टवका का उडतो याचं उत्तर तिथंच आहे. साच्यात सगळ्यात पहिल्यांदा जेलकोट मारतात, म्हणजे रंग घातलेलं पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होऊन कडक बनणारा चिकट द्रव), जाडी साधारण अर्धा मिलीमीटर. त्याच्यावर काचेच्या तंतूंची मॅट आणि रोव्हिंग रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवतात. रोव्हिंग म्हणजे काय ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, चादरीसारखंच उभ्या-आडव्या धाग्यांचं विणलेलं कापड, फक्त सुताच्या जागी काच. होडी साच्यातून काढली की पहिला मारलेला जेलकोट सगळ्यात बाहेर येतो. या थरात तंतू अजिबात नसतात म्हणून तो कडक पण ठिसूळ, आणि खालचा थर मात्र चिवट. नेहमीच्या ड्रिल बिटची धार लोखंडासाठी केलेली असते, ती वरच्या थराची कड पकडून उचलते आणि भोकाच्या भोवती टवके उडतात. लोकांना वाटतं चकाकी गेली एवढंच, पण जेलकोट हे होडीचं पाण्यापासूनचं पहिलं पांघरूण आहे, तो फुटला की पाण्याला आतल्या काचेपर्यंत सरळ वाट मिळते.

म्हणून हे एक काम नाही, दोन कामं आहेत, आधी ठिसूळ थर हळू खरवडून पार करायचा आणि मगच काच कापायची. जागेवर मास्किंग टेप लावून त्याच्यावर खूण करायची. टेपमुळं बिट घसरत नाही, पण नुसती टेप लावली म्हणजे टवका उडत नाही हा समज चुकीचा आहे. खूण करायला पंच ठेवून हातोडी मारायची नाही, त्या एका ठोक्यानं जेलकोटला चिरा जातात. मग ड्रिल उलटं फिरवायचं, रिव्हर्सला टाकून, जोर न देता. उलट्या फिरण्यात धार कड उचलत नाही, घासत जाते. पडणाऱ्या भुकटीकडं लक्ष ठेवा, आधी होडीच्या रंगाची भुकटी येते, नंतर रंग बदलला की समजायचं खालचा थर लागला, आता ड्रिल सुलटं करा. मोठ्या भोकाला होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची दातेरी गोल करवत, वापरताना पण हेच, मधलं बारीक भोक आधी पाडून घ्यायचं, सॉ अगदी सरळ टेकवायची, कमी वेगात उलटी फिरवून जेलकोटमध्ये गोल खाच पाडायची आणि मग सुलटी. वेग जास्त झाला की रेझिन जळतं, वासावरून कळतंच.

भोक नेहमी बाहेरून आत पाडायचं. आतून बाहेर गेलात तर बिट बाहेर पडताना जेलकोट ढकलून फोडतं. जागा आतूनच कळत असेल तर आतून तीन मिलीमीटरचं भोक पाडून बाहेर या, मोठं भोक पाडताना त्याच्या कडेचा बारीकसा टवका कापूनच जातो. आतल्या बाजूला लाकडाचा तुकडा दाबून धरला तर तिकडचे तंतू फाटत नाहीत.

स्क्रूच्या बाबतीत जास्त सांगायला पाहिजे कारण इथं नुकसान उशिरा दिसतं. भोक छान पडतं, स्क्रू आवळला जातो, आणि काही महिन्यांनी स्क्रूभोवती चांदणीसारख्या चिरा निघतात. कारण स्क्रूचे आटे जेलकोटमध्ये घुसून त्याला बाहेर ढकलतात. उपाय सोपा आहे, काउंटरसिंक बिटनं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या बिटनं, भोकाच्या तोंडाशी जेलकोट थोडा रुंद करून घ्यायचा म्हणजे आटे फक्त खालच्या चिवट थरात धरतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक नेमकं तेवढंच सोडतात याचं मला फार वाईट वाटतं.

भोक पडल्यावर कडेला उघडे तंतू राहतात, तिथं इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनचा, हात द्यायचा. मागच्या फळीत, जिथं इंजिन अडकवतात, बऱ्याच होड्यांमध्ये आत प्लायवुड असतं, तिथं पाणी शिरलं की लाकूड आतल्या आत कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. अशा जागी भोक मुद्दाम मोठं पाडून, घट्ट इपॉक्सी भरून, ती वाळल्यावर त्यातच नवं भोक पाडायचं. वरून पॉलियुरेथेन सीलंट. पाण्याखालच्या भागाला साधं सिलिकॉन नको, त्याचा तेलकट अंश राहतो आणि पुढं त्या जागी ना रंग धरतो ना जेलकोट.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाची. उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरतं, तेव्हा होड्या काठावर येतात आणि सगळी कामं तेव्हाच निघतात, म्हणजे एप्रिल-मे, पारा चाळीसच्या वर. इपॉक्सी वाटीतच घट्ट होते, टेपचा गोंद जेलकोटला चिकटून बसतो. सकाळी लवकर, सावलीत, थोडं थोडं कालवून काम करा आणि टेप त्याच दिवशी काढा. काचेची भुकटी घामाच्या अंगाला फार खाजते, तेव्हा उकाडा असला तरी पूर्ण बाह्या, मास्क, गॉगल पाहिजेच. पाण्याच्या काठाला वायरचं ड्रिल नको, बॅटरीचं घ्या.

तरीपण टवका उडालाच तर जेलकोट पेस्टमध्ये हार्डनर मिसळून भरायचं, थोडं उंच ठेवायचं, वरून प्लास्टिकचा कागद चिकटवायचा कारण हवा लागली तर वरचा भाग चिकट राहतो. वाळल्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चारशेपासून बाराशेपर्यंत, मग पॉलिश. जुनी होडी उन्हानं पिवळट पडलेली असते, तिथं डब्यातला पांढरा तसाच भरला तर ठिगळ दिसतं, म्हणून रंगाचा थेंब टाकून आधी एका कोपऱ्यात लावून, पूर्ण वाळल्यावर रंग बघून घ्यायचा.