रक्तदाबाची दुसरी नोंद

गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या आतल्या वाड्यावर एखाद्याचे तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, एका हातातले बळ गेले, म्हणजेच पक्षाघाताची लक्षणे दिसली, तर त्याला 108 च्या रुग्णवाहिकेतून बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची धावपळ सुरू होते. ती झालीच पाहिजे, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. परंतु पक्षाघात मुळात होऊ नये यासाठी जे करायचे असते, त्याची जागा बांबोळी नव्हे, तर गावातले आरोग्य उपकेंद्र आहे.

32 देशांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासानुसार पक्षाघाताचा सुमारे 90 टक्के धोका टाळता येण्याजोग्या दहा घटकांशी जोडलेला आहे आणि त्यांत उच्च रक्तदाब सर्वांत वरचा आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबामुळे मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ठिसूळ होतात, मग त्या बुजतात किंवा फुटतात. हे सारे चालू असताना माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही, म्हणूनच मोजण्याला पर्याय नाही.

मोजणेही नीट व्हायला हवे. बसमधून उतरून चढ चढत, धापा टाकत आलेल्या आजीचा हात लगेच पट्ट्यात अडकवला, तर येणारा आकडा तिच्या धमन्यांचा नसून त्या चढाचा असतो. तिला पाच मिनिटे शांत बसू द्यावे, लघवी लागली असल्यास आधी जाऊ द्यावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर आणि हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला असावा, मोजताना कोणी बोलू नये आणि दोन वेळा मोजावे.

खरी गळती मात्र त्यानंतर होते. ‘प्रेशर’ निघाले, गोळ्या सुरू झाल्या, बरे वाटले आणि गोळ्या बंद, ही आपल्याकडची नेहमीची कहाणी; दुसरीकडे वरचा दाब 150 च्या पुढे असूनही ‘तीच गोळी चालू ठेवा’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते. चीनमधील 326 खेड्यांत झालेल्या प्रयोगात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या पद्धतीने औषधाची मात्रा वाढवत नेली, तेव्हा तीन वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. माझ्या मते आपल्या उपकेंद्रांनी उचलावी अशी हीच गोष्ट आहे. पहिली नोंद शिबिरातही होते. पुढच्या महिन्यात तोच माणूस परत आला का, आणि आला नसेल तर परिचारिका त्याच्या घरी गेली का, यावर सगळे अवलंबून आहे. गोव्यात 2011 च्या जनगणनेतच साठीपुढचे लोक 11 टक्क्यांहून अधिक होते, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकता येणारे नाही.

अशा घरभेटीत आणखी दोन गोष्टी साधतात. पेजेबरोबर मिठातला आंबा किंवा सुके खारे मासे रोज असतील, तर दिवसाला 5 ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि हे ताट पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसरे म्हणजे मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ती अनियमित लागली, तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके विस्कटल्याचा संशय घेऊन ईसीजी काढायला पाठवावे, कारण या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी करता येतो.