सारागढी: दोन किल्ल्यांमधली आरशाची चौकी

हंगू गावाच्या उत्तरेला समाना नावाची डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. आज ती पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात येते. १८९१ मध्ये मिरानझई खोऱ्यात दोन मोहिमा काढल्यानंतर इंग्रजांनी या रांगेवर ठाणी वसवली. लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे त्यांतले मुख्य किल्ले होते, पण मधल्या उंचवट्यामुळे ते एकमेकांना दिसत नसत. निरोपाची देवाणघेवाण हेलिओग्राफने, म्हणजे आरशावर ऊन झेलून त्याच्या लखलखाटाने होई आणि त्यासाठी नजरेची सरळ रेषा लागे. म्हणून मधल्या खडकाळ माथ्यावर जंग्या (बंदुकीने मारा करण्यासाठीची भोके) ठेवलेल्या तटाची एक छोटी चौकी आणि निरोपाचा बुरूज बांधला गेला. हीच सारागढी. सप्टेंबर १८९७ मध्ये २१ शीख शिपाई इथेच शेवटपर्यंत लढले.

ओरकझई टोळ्यांच्या दृष्टीने समाना हा त्यांचाच डोंगर होता. १८९३ मध्ये अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान आणि इंग्रजांचे प्रतिनिधी ड्युरँड यांच्यात ठरलेल्या सीमारेषेमुळे पठाण मुलूख दोन सत्तांच्या प्रभावक्षेत्रांत विभागला गेला आणि ही ठाणी म्हणजे मुलूख गिळण्याची सुरुवात आहे, हा संशय बळावला. त्यात मिठावरच्या वाढत्या कराची भर पडली. जुलै १८९७ मध्ये मलाकंदच्या इंग्रजी ठाण्यावर उठाव पेटला, ऑगस्टमध्ये आफ्रिदी टोळ्यांनी खैबर खिंडीतली ठाणी घेतली आणि पुढे आफ्रिदी व ओरकझई एकत्र येऊन समानावर चालून आले. शौर्यकथांमध्ये ही बाजू बहुधा गाळली जाते. ती गाळली की हजारो माणसे त्या ओसाड माथ्यावर का आली, हेच कळत नाही.

समानावरची शिबंदी १८८७ मध्ये उभारलेल्या ३६व्या शीख पलटणीची होती आणि लेफ्टनंट कर्नल हॉटन तिचे प्रमुख होते. १२ सप्टेंबर १८९७ ला सकाळी नऊच्या सुमारास सारागढीला वेढा पडला. आत हवालदार ईशर सिंग यांच्यासह २१ शीख शिपाई होते. हल्लेखोरांचा आकडा साधारण दहा हजार सांगतात, पण तो अंदाज आहे. लॉकहार्टवरून कुमक पोहोचू शकली नाही. चौकीच्या तटाचा एक कोपरा असा होता की तिथे कुठल्याच जंगीतून मारा पोहोचत नव्हता. त्याच कोपऱ्याला चिकटून काही जण भिंतीचे दगड उकरत होते. गुलिस्तानवरून ते दिसत होते, आतल्यांना मात्र दिसत नव्हते. अखेर भिंत ढासळली.

निरोप देणारे शिपाई गुरमुख सिंग शेवटपर्यंत आरसा हलवत राहिले आणि मग यंत्र आवरून बंदूक हाती घेण्याची परवानगी त्यांनी लॉकहार्टकडे मागितली. ती मिळाली. आतले कोणीही वाचले नाही. तरीही या झुंजीचा क्रम इतका ठाऊक आहे, तो या निरोपांमुळे आणि दोन्ही किल्ल्यांवरून पाहणाऱ्यांमुळे.

सहा-साडेसहा तास या चौकीपाशी खर्ची पडल्यावर टोळ्या गुलिस्तानकडे वळल्या, पण १४ तारखेला कुमक पोहोचल्याने तो किल्ला वाचला. ऑक्टोबरपासून इंग्रजांनी आफ्रिदी-ओरकझईंच्या तिराह मुलुखावर मोठी मोहीम काढली. तिच्यातच जानेवारी १८९८ मध्ये हॉटन मारले गेले.

व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना १९११ पर्यंत मिळतच नसे. त्यामुळे एकवीसही जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, त्यांना तेव्हा मिळू शकणारा सर्वोच्च शौर्यसन्मान देण्यात आला. वारसांना प्रत्येकी दोन मुरब्बे (सुमारे ५० एकर) जमीन आणि ५०० रुपये मिळाले. अमृतसर आणि फिरोजपूर इथे स्मारक-गुरुद्वारे उभे राहिले. चौकीत दाद नावाचा एक बिगरलढाऊ सेवकही होता आणि तोही त्या दिवशी मारला गेला. तो शिपाई नसल्याने सन्मानाच्या यादीत त्याचे नाव आले नाही.