जपानमधील परागकणांचा हंगाम आणि आदल्या वर्षीचा जुलै

जपानमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हवामानाच्या बातम्यांत पाऊस आणि तापमानाच्या जोडीने परागकणांचाही अंदाज दिला जातो, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे सुगी नावाचा सूचिपर्णी वृक्ष. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड झालेले डोंगर झाकावेत आणि घरबांधणीला लाकूड मिळावे, या हेतूने या वृक्षाची प्रचंड लागवड झाली. पुढे आयात लाकूड स्वस्त पडू लागले, वृक्षतोड मंदावली, झाडे मोठी होत गेली, आणि आज देशाच्या वनक्षेत्राचा सुमारे १८ टक्के भाग सुगीच्या लागवडीने व्यापला आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ व त्यांचे कुटुंबीय यांच्या २०१९ मधील देशव्यापी पाहणीत सुमारे ३९ टक्के व्यक्तींना सुगीच्या परागकणांची ॲलर्जी असल्याचे आढळले. शिंका, वाहते नाक आणि डोळ्यांची आग यांवरचे औषध पराग उडू लागण्याच्या सुमारासच सुरू केले तर त्रास बराच आटोक्यात राहतो. म्हणून हंगाम केव्हा सुरू होणार, हे आधी कळण्याला रुग्णाच्या दृष्टीने मोठे मोल आहे.

हंगाम किती तीव्र असेल, हे मात्र पुष्कळ अंशी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच ठरलेले असते. सुगीची नरफुले जुलैच्या सुमारास धरू लागतात. तो महिना उष्ण, लख्ख उन्हाचा आणि कमी पावसाचा गेला, तर पुढच्या वसंतात पराग अधिक. त्यामुळे पहिला अंदाज शरद ऋतूतच वर्तवता येतो, आणि फांद्यांवरील नरफुलांची प्रत्यक्ष पाहणी करून तो पडताळला जातो. भरघोस फुलोऱ्याच्या वर्षानंतर झाडाचा फुलोरा कमी होण्याकडे कल असतो, हेही गणितात धरावे लागते.

तारखेचे गणित अधिक गुंतागुंतीचे, आणि माझ्या मते सर्वांत विलक्षण आहे. नरफुले हिवाळ्याच्या तोंडावर सुप्तावस्थेत जातात, पुरेशी थंडी मिळाल्यावर त्यातून बाहेर येतात, आणि मग ऊब साठत गेली की उमलतात. टोकियोत यासाठी एक सोपा आडाखा प्रचलित आहे: १ जानेवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज ४०० अंशांच्या आसपास पोहोचली की पराग उडू लागतात. तेथे जानेवारीतील कमाल तापमान सरासरी १० अंश सेल्सिअसच्या जवळ असते, म्हणजे महिनाअखेर बेरीज तीनशेच्या थोडी पुढे जाते. उरलेली ऊब भरून निघायला फेब्रुवारीचे आठ-दहा दिवस लागतात. परंतु झाड १ जानेवारी ही तारीख ओळखत नाही. हिवाळ्याची सुरुवात उबदार झाली तर सुप्तावस्था उशिरा मोडते, आणि त्यानंतरची तीच ऊब फुलोरा लवकर आणते. त्यामुळे ‘हिवाळा उबदार, म्हणून हंगाम लवकर’ हा सरळ निष्कर्ष फसू शकतो. थंडी आणि ऊब यांचा हिशेब वेगवेगळा ठेवणारी गणिती प्रारूपे म्हणूनच अधिक विश्वासार्ह ठरतात. युरोपात बर्च वृक्षाच्या परागांसाठी फिनलंडच्या हवामान संस्थेने विकसित केलेले ‘सिलाम’ हे प्रारूपही तापमानाच्या बेरजेवर आधारलेले असून त्यातील उंबरठा, म्हणजे फुलोऱ्यासाठी गाठावी लागणारी बेरीज, प्रदेशानुसार बदलतो.

अंदाज खरा ठरला की नाही, हे पाहण्याची जपानमधील पारंपरिक पद्धत साधी आहे. व्हॅसलीन लावलेली काचपट्टी उघड्या हवेत ठेवतात आणि तिच्यावर बसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. दर चौरस सेंटिमीटरला किमान एक कण सलग दोन दिवस सापडला, तर त्यांतील पहिला दिवस हा हंगामाचा आरंभ मानला जातो.

हंगाम सुरू झाल्यावर रोजचा अंदाज मुख्यतः वारा, ऊन आणि पाऊस यांवर बेततो. सुमारे ३० मायक्रोमीटर व्यासाचा हा कण वाऱ्यावर कित्येक किलोमीटर प्रवास करतो. कोरड्या, उबदार आणि वाऱ्याच्या दिवशी, विशेषतः पाऊस पडून गेल्यानंतरच्या स्वच्छ दिवशी, हवेतील प्रमाण वाढते. टोकियोत अशा दिवशी बहुधा दोन उच्चांक दिसतात: सकाळी डोंगरात सुटलेले पराग दुपारच्या सुमारास शहरात पोहोचतात, आणि ऊन उतरल्यावर, वर उचलले गेलेले कण पुन्हा खाली येतात.

जपान सरकारने २०२३ मध्ये सुगीच्या लागवडीचे क्षेत्र दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले असून, तोडलेल्या जागी कमी पराग देणारी रोपे लावण्यावर भर आहे. हे घडत जाईल तसा तोच उष्ण जुलै पूर्वीइतके पराग देणार नाही, आणि जुन्या नोंदींवर बसवलेली समीकरणे डोंगराडोंगरागणिक नव्याने बसवावी लागतील.