हेल मेरी पास आणि १९७८ चा नियमबदल

अमेरिकन फुटबॉलमध्ये सामना संपता संपता एंड झोनकडे, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याकडे, उंच भिरकावलेल्या लांब पासला ‘हेल मेरी’ म्हणतात. हे नाव सर्वतोमुखी झाले ते २८ डिसेंबर १९७५ नंतर. त्या दिवशी १०-१४ ने मागे असलेल्या डॅलस काउबॉइजचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) रॉजर स्टॉबॅक याने साथीदार ड्रू पिअर्सनला ५० यार्डांचा पास दिला आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज हरले. डोळे मिटून ‘हेल मेरी’ ही मरियामातेची प्रार्थना म्हटली, असे स्टॉबॅकने नंतर सांगितले. त्या एका वाक्यामुळे ही खेळी कायमची नशिबाच्या खात्यात गेली.

तो हिशेब अर्धाच बरोबर आहे. फेकण्याआधी स्टॉबॅकने दुसऱ्या बाजूला हूल देऊन मागचा बचावपटू तिकडे खेचला होता. चेंडू मात्र आखूड पडला. पिअर्सनला मागे यावे लागले, त्याला रोखणारा बचावपटू खाली पडला आणि चेंडू कसाबसा कमरेशी अडकला. एवढे नशीब.

त्या काळी एका रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्या खेळाडूचा) हात लागलेला चेंडू, मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय, त्याच्या साथीदाराला झेलता येत नसे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने १९७८ मध्ये ही अट काढली आणि खेळीचे रूपच बदलले. त्याच नोव्हेंबरात अटलांटा फाल्कन्सच्या स्टीव्ह बार्टकोव्स्कीचा पास वॉलेस फ्रान्सिसने टोलवला, आल्फ्रेड जॅक्सनने झेलला आणि ५७ यार्डांचा टचडाउन (एंड झोनमध्ये चेंडू नेऊन मिळवलेले गुण) झाला. फाल्कन्सनी या डावपेचाला ‘बिग बेन’ असे नावही दिले होते.

तेव्हापासूनची मांडणी साधारण अशी : तीन रिसीव्हर एकाच बाजूने धावतात. सर्वांत उंच उडणारा मधोमध, एक त्याच्या पुढे, एक मागे. उसळलेला चेंडू टिपायला. पास उंच हवा, नाहीतर ५० यार्ड धावून रिसीव्हर वेळेत पोचत नाहीत. तो गोलरेषेपर्यंत पोचायलाही हवा. रेषेच्या अलीकडे झेलला तर झेलणाऱ्याला तिथेच पाडतात. १९८४ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने हवेतून ६० यार्डांहून लांब फेकले. हा बुटका खेळाडू इतके लांब फेकणार नाही, या समजुतीने प्रतिस्पर्धी मायामीच्या बचावपटूंनी रिसीव्हर जेरार्ड फेलनला आपल्या मागे जाऊ दिले होते.

बचावाचा धडा छोटा आहे : झेलू नका, चेंडू जमिनीकडे हाणा आणि घोळक्यामागे एक माणूस ठेवा. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागो बेअर्सना दोन्ही जमले नाही. वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सचा पास बचावपटूच्या हाताला लागून मागे उडाला. तिथे वॉशिंग्टनचा रिसीव्हर नोआ ब्राउन एकटाच उभा होता.