'क्लीव्ह' नावाची दोन क्रियापदे

इंग्रजी कोशात 'क्लीव्ह' शोधले की दुभंगणे आणि चिकटून राहणे असे दोन अर्थ पाठोपाठ सापडतात, आणि त्यामुळे परस्परविरोधी अर्थांचा एकच शब्द म्हणून त्याचे नाव हमखास घेतले जाते. हे कौतुक चुकीच्या जागी आहे, कारण मुळात ही दोन वेगवेगळी क्रियापदे असून चांगले कोश त्यांच्या नोंदीही स्वतंत्र देतात.

जुन्या इंग्रजीत दुभंगण्याला 'क्लेओफन' आणि चिकटण्याला 'क्लिफियन' म्हणत. पहिल्याचे दूरचे नाते कोरणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी लागते, जे 'हायरोग्लिफ' या शब्दात आजही दिसते. दुसऱ्याच्या गोतात चिकणमातीसाठीचा 'क्ले' आणि लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला 'ग्लू' हे शब्द येतात. मध्ययुगीन इंग्रजीत दोघांचे उच्चार बदलत बदलत एकमेकांवर येऊन आदळले. जर्मनमध्ये असे झाले नाही. तिथे चिकटण्याचे 'क्लेबेन' रोजच्या वापरात आहे आणि लाकूड फोडण्याचे 'क्लीबेन' काही बोलींत टिकून आहे.

रूपांचा गोंधळ मात्र खरा आहे. दुभंगण्याच्या क्रियापदाचा स्वर भूतकाळात बदलत असे, म्हणून त्याची 'क्लोव्ह', 'क्लोव्हन' आणि पुढे 'क्लेफ्ट' अशी रूपे झाली. चिकटण्याचे क्रियापद प्रत्यय लावून सरळ चालणारे होते. उच्चार एक झाल्यावर एकाची रूपे दुसऱ्याला लागू लागली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये याचा पुरावा आहे: उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम होमासाठी लाकडे फोडतो तिथे 'क्लेव्ह' हे भूतकाळी रूप आहे, आणि रूथच्या पहिल्या अध्यायात रूथची जाऊ सासूचा निरोप घेऊन माहेरच्या वाटेला लागते, पण रूथ सासूला बिलगून राहते, तिथेही नेमके तेच रूप आहे. वाचकाने फरक ओळखायचा तो पुढच्या शब्दावरून. चिकटण्याच्या अर्थी क्रियापदानंतर 'टू' किंवा 'अन्टू' येते, फोडण्याच्या अर्थी कर्म थेट येते, आणि ही खूण आजही सहसा फसवत नाही.

वापराच्या बाबतीत दोघांची वाट वेगळी झाली आहे. चिकटण्याचा 'क्लीव्ह' आता बहुतेक लाक्षणिक उरला आहे. माणसे तत्त्वांना किंवा श्रद्धेला 'क्लीव्ह' करतात, पाकिटाला तिकीट चिकटवताना हा शब्द कोणी वापरत नाही. फोडण्याच्या अर्थी सोळाव्या शतकात डचमधून 'स्प्लिट' आला आणि रोजचे काम त्याने बळकावले. जुन्या क्रियापदाचे अवशेष ठरावीक जोड्यांत राहिले: गाईचे दुभंगलेले खूर, दुभंगलेली टाळू, खाटकाचा 'क्लीव्हर'. लसणाच्या पाकळीचा 'क्लोव्ह' याच घरातला. लवंगेचा 'क्लोव्ह' मात्र खिळ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे, म्हणजे तिसराच पाहुणा.

तरीही 'स्प्लिट'ला एक प्रांत पूर्णपणे काबीज करता आलेला नाही, आणि माझ्या मते शब्दाचा खरा पीळ तिथेच कळतो. पदार्थ आपल्या अंतर्गत रचनेने ठरवून दिलेल्या पातळीवर सुटतो, तेव्हा जाणकार 'क्लीव्ह' म्हणतात. अभ्रकाचे पापुद्रे नखाने निघतात ते यामुळेच. मराठी भूविज्ञान या गुणाला 'पाटन' म्हणते. हिऱ्याला अशा चार दिशा असतात. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ च्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅममध्ये जोसेफ ॲशर यांनी फोडला, तो याच दिशा ताडून: आधी खाच पाडायची, तिच्यात पोलादी पाते बसवायचे आणि वर घाव घालायचा. दिशा चुकली तर हिऱ्याचे तुकडे भलतेच होतात.

जीवरसायनशास्त्रातही विकरे (एन्झाइम) रेणूंना 'क्लीव्ह' करतात, कारण तिथेही जागा ठरलेली असते. 'इकोआरवन' हे विकर डीएनएमध्ये जीएएटीटीसी हा अक्षरांचा क्रम शोधते आणि दोन्ही धाग्यांवर जी व पहिल्या ए यांच्या मधोमध छेद घेते. छेद समोरासमोर न पडल्याने दोन्ही टोकांना चार अक्षरांची शेपटी लोंबती राहते आणि ती जुळणाऱ्या दुसऱ्या शेपटीशी सहज जोडली जाते. प्रयोगशाळेत या टोकांना रोजच्या बोलण्यात चिकट टोके म्हणतात, म्हणजे पहिल्या 'क्लीव्ह'ने तोडलेले टोक दुसऱ्या 'क्लीव्ह'चे काम करते; अर्थात त्या कामासाठी तिथे तो शब्द कोणी वापरत नाही.